घर भाड्याने देणे आहे, पण कुणाला?

सोलापुरात सामाजिक सलोख्याची सभा असली की एका तरी भाषणात चार हुतात्म्यांची नावं येतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारून दिला, त्याची शिक्षा म्हणून मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं गेलं. गावाला याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. या अभिमानाचा उपयोग आपण विषय मिटवायला करतो. मुसलमानांना, बौद्धांना, ख्रिश्चनांना इथं कशी वागणूक मिळते असं कुणी विचारलं की ‘आमच्या सोलापुरात तसलं काही नाही, आमचे हुतात्मेच बघा’ हे उत्तर तयार असतं. तसलं इथं पुष्कळ आहे. ते भर चौकात घडत नसल्यामुळे आपल्याला दिसत नाही, एवढंच.

दंगल झाली की तिची नोंद होते. पोलीस येतात, संचारबंदी लागते, पंचनामे होतात, नुकसानभरपाईची यादी निघते, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. घर नाकारलं तर यातलं काहीच होत नाही. नकार तोंडी असतो, सभ्य असतो आणि त्याला कारण भलतंच दिलेलं असतं, म्हणून तो कुणाच्या हिशेबात येत नाही. माझं म्हणणं असं, की अल्पसंख्याकांना समाजाबाहेर ठेवण्याचं सर्वांत मोठं काम आज हाच नकार करतो, आणि महाराष्ट्रानं त्याविरुद्ध कायदा केला पाहिजे. जातीतल्या जातीत बहिष्कार टाकणं हा गुन्हा ठरवणाऱ्या राज्याला हे पुढचं पाऊल अवघड नाही. ते अजून टाकलं गेलं नाही याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

माझे एक सहकारी बदली होऊन सोलापुरात आले, तेव्हाची गोष्ट सांगतो. इनामदार, पटेल, देशमुख अशी काही आडनावं हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. त्यांचं आडनाव त्यांतलंच एक. एजंटाला त्यांनी फोनवर आडनाव सांगितलं, नोकरीचं खातं सांगितलं, घरात माणसं किती ते सांगितलं. जुळे सोलापुरातला दोन बेडरूमचा फ्लॅट होता. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, ‘संध्याकाळी किल्ली घेऊन येतो, मॅडमनाही आणा’ असं एजंट म्हणाला. संध्याकाळी मीही बरोबर गेलो. वहिनींनी ओट्याजवळचा नळ सोडून पाहिला, पाणी किती दिवसांआड येतं ते विचारलं, कारण सोलापुरात घर बघताना पहिला प्रश्न तोच असतो. घर पसंत पडलं. करार करायचा म्हणून एजंटानं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. कार्ड हातात घेतलं, पूर्ण नाव वाचलं आणि तो अवघडला.

‘सर, माझं काही नाही हो. पण मालकांना एकदा विचारावं लागेल.’

गॅलरीत जाऊन तो फोनवर बोलून आला. मालकांच्या भाच्याला फ्लॅट लागतोय म्हणाला. आणि लगेच, अगदी मदत करायच्या सुरात, ‘नई जिंदगीत बघू का सर? तिकडं उद्याच्या उद्या मिळेल.’ सहकारी ‘बघू’ म्हणाले आणि जिना उतरायला लागले. त्या गॅलरीवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी पुढे बरेच दिवस लटकत होती. माझा जाण्यायेण्याचा रस्ता तोच आहे.

आडनावावर होकार आला आणि पहिल्या नावावर नकार आला. मधल्या चार-पाच तासांत त्यांचा पगार बदलला नव्हता, नोकरी बदलली नव्हती, घरात माणसं वाढली नव्हती. एखाद्या प्रयोगशाळेतही इतका स्वच्छ पुरावा मिळणार नाही. तरीही तो पुरावा घेऊन जायला जागा नाही. पोलिसांत काय सांगणार? मालकानं शिवी दिली नाही, एजंटानं अपमान केला नाही, उलट दुसरं घर सुचवलं. ते दुसरं घर मुसलमानांच्या वस्तीत सुचवलं गेलं, हे मात्र विसरू नये. शहराचे दोन तुकडे नकाशावर रेघ मारून होत नाहीत. ‘तुम्हाला तिकडं लगेच मिळेल’ या मदतीतून ते होतात.

हा अनुभव मुसलमानांपुरता नाही. बौद्ध भाडेकरूला ‘आडनाव काय?’ या प्रश्नानंतर ‘मूळ गाव कुठलं?’, मग ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ असं खोदून विचारलं जातं. तिथं धर्म आणि जात एकाच प्रश्नात उरकतात. ख्रिश्चन कुटुंबाला रविवारी घरी किती लोक जमतात असं विचारलेलं मी ऐकलं आहे. पण सोलापूर शहरात मुसलमान साधारण पाचवा हिस्सा आहेत. शहरातल्या दर पाचव्या माणसाला घर शोधताना आधी नावाची परीक्षा द्यावी लागत असेल, तर तो शहराचाच प्रश्न झाला.

आणि हे गावापाशी थांबत नाही. इथल्या पोरांना नोकऱ्या पुण्यात. गिरण्या गेल्या, यंत्रमागांचं खरं नाही, म्हणून डिग्री झाली की पोरगं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसतं. ज्या चौघांच्या नावानं ती गाडी धावते त्यांत कुर्बान हुसेन आहेत, आणि त्याच गाडीनं पुण्याला उतरलेल्या सोलापूरच्या मुसलमान पोराला हिंजवडीत, वाकडला कॉट मिळवताना मित्राच्या नावानं करार करावा लागतो. ही गोष्ट त्यांच्यात इतकी नेहमीची आहे की ती सांगताना कुणाचा आवाजसुद्धा चढत नाही.

‘एखाददुसरा मालक तसा असतो’ असं म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. वरच्या जातीच्या हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोनतृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. पुढे थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी अशीच पाहणी केली. ती २०१५ मध्ये छापून आली. फोनवर वरच्या जातीच्या नावाला कुणी नाही म्हणालं नाही, मुस्लिम नावाला जवळपास तीनातल्या एकानं सरळ नकार दिला, आणि बाकीच्यांतल्या कितीकांनी जादा अटी घातल्या. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२१ मध्ये छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत छत्तीस टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. सांगताना त्यांना संकोच वाटला नाही, हे मला आकड्याहून जास्त खुपतं.

घर नाकारलं की माणूस फक्त घराला मुकत नाही. २०११ ते २०१३ च्या सुमाराच्या सरकारी आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांच्या एका गटानं देशातल्या सुमारे पंधरा लाख वस्त्या तपासल्या. शहरांत राहणाऱ्या मुसलमानांपैकी २६ टक्के अशा वस्त्यांत राहतात जिथं ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक मुसलमानच आहेत. अनुसूचित जातींसाठी तोच आकडा १७ टक्के आहे. पूर्ण मुस्लिम वस्तीत सरकारी माध्यमिक शाळा असण्याची शक्यता, एकही मुसलमान नसलेल्या वस्तीच्या मानानं निम्मी निघाली. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं २००६ मध्येच नोंदवलं होतं की काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी ‘निगेटिव्ह झोन’ धरतात. म्हणजे आधी माणसाला एका वस्तीत ढकलायचं, मग त्या वस्तीचा पिन कोड बघून कर्ज नाकारायचं, शाळा लांब ठेवायची, आणि वर ‘हे लोक मागे का राहतात’ यावर परिसंवाद घ्यायचे. आठवीनंतर शाळा लांब पडली की पहिली घरी बसते ती मुलगी. तिच्या शिक्षणाबद्दल कळकळीनं बोलणाऱ्यांनी तिच्या बापाला जुळे सोलापुरात घर का मिळालं नाही, याचीही कळकळ बाळगावी.

यावर हटकून येणारं उत्तर म्हणजे ‘त्यांनाच एकत्र राहायला आवडतं’. काहींना आवडत असेलही. मशीद जवळ, नातेवाईक जवळ, उर्दू शाळा जवळ, हे सोयीचं असतं, जसं तेलुगू विणकर पद्मशाली कुटुंबाला पूर्व भागात आपल्या माणसांत राहणं सोयीचं वाटतं. पण ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला पडता येतं का, हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये सोलापुरात दंगल झाली, माणसं मेली, दुकानं जळाली. दंगलीतून गेलेलं कुटुंब घर बदलताना आधी काय बघतं, हे ज्यानं ते दिवस पाहिलेत त्याला सांगायला नको. हिंदूही आपल्यांत सरकतात, मुसलमानही. फरक एवढाच की सरकायला हिंदूला सगळं शहर मोकळं असतं आणि मुसलमानाला दोन-चार पेठा. भीतीनं घेतलेल्या निर्णयाला आवड म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरं उत्तर सलोख्याचं. आमच्याकडे मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू घरांतून मान दिला जातो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळ्या धर्मांचे दुकानदार असतात, ईदला शेजाऱ्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो. हे सगळं खरं आहे, आणि मला ते प्राणांहून प्रिय आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी उभं राहिलं तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही भाषांत घासाघीस ऐकू येते. असं गाव दुसरं मिळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदी घालण्याचा ठराव केला तेव्हा आपला गड्डा आठवून मला धास्ती वाटली. मढीचा तो ठराव प्रशासनानं रोखला, ते चांगलंच झालं. तरीही सणाचा सलोखा आणि हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शेजाऱ्याचा शिरखुर्मा चालतो त्याच्याशी भाडेकरार चालत नाही, असं असेल तर तो शेजारी आपल्या मर्जीवर जगतो आहे. मर्जी आज असते, उद्या एखादा व्हिडिओ फिरला की नसते.

याच गावात वेगळंही घडलं आहे. विडी कामगार बायकांच्या घरकुलांची चळवळ इथं उभी राहिली. कुंभारीच्या माळावर आधी दहा हजार घरं झाली, मग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. तिथं घर मिळालं ते विडी कामगार, यंत्रमाग कामगार, असंघटित कामगार म्हणून. तेलुगू, मुसलमान, दलित, लिंगायत, सगळ्यांच्या बायका विडीच्या कारखान्यात एकाच रांगेत माप द्यायला उभ्या राहतात, आणि तीच रांग घराच्या यादीत उतरली. त्या वसाहतीत अडचणी आहेत. काम लांब आहे, बसचा त्रास आहे. पण तिथं घरासाठी नाव कुणी हुंगलं नाही. गरिबांच्या वसाहतीला जे जमलं ते होटगी रोडच्या आणि विजापूर रोडच्या अपार्टमेंटांना जमू नये, हे शिकलेल्या माणसांना शोभणारं नाही.

आता कायद्याकडे येतो. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा पहिला भाग सरकारला बांधतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकारनं भेदभाव करू नये. दुसरा भाग नागरिकांनाही बांधतो. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांत कुणाला मज्जाव करता येणार नाही. घर भाड्यानं देणं हा शब्द त्यात नाही. पण २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ फार विस्तारून सांगितला होता. जो जो मोबदला घेऊन आपली सेवा लोकांपुढे ठेवतो तो तो त्यात येतो, असा त्यांचा आशय. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या प्रकरणात हाच विस्तारलेला अर्थ उचलून धरला. त्या अर्थानं पाहिलं तर गॅलरीला पाटी लावून, एजंट नेमून, मोबाइलच्या अ‍ॅपवर फोटो टाकून घर भाड्यानं देणारा माणूस व्यवसायच करतो आहे.

उलट दिशेचा निकालही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं, सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा सोसायटीचा उपविधी वैध ठरवला. असे उपविधी नको असतील तर कायदेमंडळानं तसा कायदा करावा, असा त्या निकालाचा रोख आहे. मला तो निकाल पटत नाही. अल्पसंख्याकांनी स्वतःपुरत्या सोसायट्या काढण्यालाही माझा विरोध आहे, कारण तोच उपविधी बहुसंख्याकांच्या हाती आला की त्याचं कुंपण होतं. पण निकालानं चेंडू कुणाकडे टोलवला आहे ते स्पष्ट आहे.

महाराष्ट्राकडे दोन हत्यारं आधीच आहेत. एक जुनं. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं तेविसावं कलम सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. घर विकत घेणाऱ्याला याचा उपयोग आहे, भाडेकरूला नाही. दुसरं नवं आणि जास्त महत्त्वाचं, २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम काढली, वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे आली, विधिमंडळानं कायदा एकमुखानं केला आणि २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारींवर लक्ष ठेवायला अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, म्हणून आपण पाठ थोपटून घेतली आणि ते योग्यच होतं.

पण त्या कायद्याची व्याख्या वाचा. बहिष्कार टाकणारे आणि ज्याच्यावर टाकला तो, दोघं एकाच समाजाचे हवेत. म्हणजे माझ्या जातीनं मला वाळीत टाकलं, माझ्याशी व्यवहार तोडला, तर गुन्हा. शेजारच्या जातीनं किंवा दुसऱ्या धर्माच्या लोकांनी मिळून माझ्याशी व्यवहार तोडला, ‘यांच्याकडून भाजी घेऊ नका, यांना गाळा देऊ नका’ असं ठरवलं, तर हा कायदा गप्प. व्यासपीठावरून उघड बहिष्काराची हाक दिली तर द्वेषपूर्ण भाषणाचा गुन्हा होऊ शकतो. तक्रारीची वाट न पाहता तो दाखल करा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे. पण भाषणाशिवाय, मुकाट्यानं, घरोघर पाळला जाणारा बहिष्कार कुठल्याच कलमात बसत नाही. वाळीत टाकणं वाईट, हे आपण एकदा कायद्यानं मान्य केलं आहे. मग टाकणारा कुठल्या जातीचा किंवा धर्माचा आहे, यावर ते वाईटपण अवलंबून कसं राहील?

‘घर माझं, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार’ हा आक्षेप मी हलका समजत नाही. लोकांनी हाडाची काडं करून, पीएफ काढून घरं घेतलेली असतात. भाडेकरू भाडं देईल का, घर नीट ठेवेल का, वेळेवर सोडेल का, हे बघायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. पगाराची स्लिप मागा, आधीच्या मालकाला विचारा, पोलीस पडताळणी करा, डिपॉझिट घ्या. आपण राहतो त्याच घरातली एक खोली द्यायची असेल, स्वयंपाकघर एकच असेल, तर तिथं कायद्यानं डोकावू नये असंच मीही म्हणेन. पण वेगळ्या दाराचा, वेगळ्या मीटरचा फ्लॅट बाजारात आणल्यावर माणसाचा धर्म हा निकष राहू शकत नाही. इंग्लंडात १९६८ च्या कायद्यानं घर आणि नोकरीत वंशावरून नकार देणं बेकायदा झालं. तिथं गेलेल्या आपल्या लोकांना त्याचा आधार मिळाला, आणि इंग्रज घरमालकाचा ‘घर माझं’ हा युक्तिवाद तेव्हा आपल्याला मान्य नव्हता.

शाकाहाराचंही तसंच. सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी अशी शाकाहारी कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यांच्या मनाचा मान राखला पाहिजे. घरात मांस शिजवू नये अशी अट कुणाला घालायची असेल तर ती प्रत्येक भाडेकरूला घालावी. पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे ज्यांची रांग असते त्यांतल्या बहुतेकांना घर देताना ताटात काय असतं हे विचारलं जात नाही. तो प्रश्न नाव ऐकल्यावरच सुचतो. शाकाहारी मुसलमान आणि शाकाहारी बौद्धही त्या प्रश्नातून सुटत नाहीत.

मुसलमान समाजातही भेदभाव आहे, बिरादऱ्या आहेत, बायकांवर अन्याय आहे, त्याचं काय, असं विचारणारे भेटतात. आहेच. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं ते त्याचसाठी. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच सोलापुरात भरलं, आणि त्या चळवळीतले आमच्या गावचे प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर मुसलमान म्हणजे एकजिनसी गठ्ठा नव्हे हे आयुष्यभर सांगत राहिले. आतून टीका करणाऱ्या माणसांना बळ कधी मिळतं? समाज मोकळा राहतो तेव्हा. कोंडलेल्या वस्तीत सुधारकाचा आवाज सगळ्यांत आधी दाबला जातो, कारण बाहेरच्या भीतीचं कारण पुढे करणं सोपं असतं. आणि मी मागतो तो कायदा कुणा एका धर्माच्या बाजूनं नसावा. मुसलमान बागवानांच्या चाळीत दलित कुटुंबाला खोली नाकारली गेली तर तिथंही तो तितकाच लागू व्हावा.

तुरुंगावर माझा भर नाही. मालकाला तीन वर्षं आत टाकायची भाषा केली की साक्षीदार फिरतात आणि केस पडते. मला नुकसानभरपाई हवी आहे, ठरलेल्या मुदतीत निकाल हवा आहे, आणि पुरावा देण्याचं ओझं योग्य खांद्यावर हवं आहे. नाव कळेपर्यंत होकार होता, नंतर नकार आला आणि तेच घर पुढे रिकामं किंवा दुसऱ्याला दिलेलं दिसलं, एवढं तक्रारदारानं दाखवलं की कारण सांगण्याची जबाबदारी मालकावर यावी. वारंवार असं करणाऱ्या एजंटाला धंदा बंद करावा लागावा. बांधकाम व्यवसायावर देखरेख करणाऱ्या महारेराकडे नोंदणी असलेल्या बिल्डरांना आणि एजंटांना ही अट नोंदणीतच घालता येईल, त्यासाठी सगळ्या कायद्याची वाट बघायला नको. थोरातांनी केली तशी, नावं बदलून फोन करण्याची पाहणी जिल्हा प्रशासनानं दरवर्षी करावी आणि तिचे आकडे छापावेत. आणि तक्रार फक्त नाकारलेल्या माणसानंच करावी अशी अट नको. त्याला त्याच गावात राहायचं असतं, मुलांना त्याच शाळेत घालायचं असतं, त्याच एजंटाकडून पुढचं घर शोधायचं असतं. तो तक्रार करणार नाही. माझे सहकारी करतील असं मला वाटत नाही. साक्षीला उभ्या असलेल्या माणसाला, संस्थेला ती करता आली पाहिजे.

सोलापूर शहर विधानसभेच्या तीन मतदारसंघांत येतं, शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर. तिन्ही आमदारांना मी पत्र लिहिलं आहे की २०१६ च्या कायद्यातली ‘एकाच समाजाचे’ ही मर्यादा काढणारं आणि घर, गाळा, नोकरी यांतला नकार त्यात आणणारं अशासकीय विधेयक त्यांनी येत्या अधिवेशनात मांडावं. पक्ष कुठलाही असो. जातपंचायतींविरुद्धच्या कायद्याला सगळे पक्ष एकत्र आले होते, तेव्हा हे अशक्य नाही.

तोवर सोसायट्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. सप्टेंबरअखेर सगळीकडे वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. आमच्या सोसायटीच्या सभेसाठी मी ठरावाची सूचना लेखी दिली आहे. सदनिका विकताना किंवा भाड्यानं देताना संस्थेचा कोणताही पदाधिकारी येणाऱ्या व्यक्तीचा धर्म किंवा जात विचारणार नाही, त्यावरून ना-हरकत रोखून धरणार नाही, आणि हरकत असेल तर तिचं कारण सात दिवसांत लेखी देईल, असा तो ठराव आहे. विरोध कोण करतील याची मला कल्पना आहे. दोघं आमच्याच मजल्यावर राहतात, चांगली माणसं आहेत, मुलांच्या परीक्षेपासून आजारपणापर्यंत एकमेकांच्या मदतीला धावणारी आहेत. त्यांतल्या एकाशी परवा तासभर बोललो. त्यांचा आक्षेप फ्लॅटची किंमत पडेल हा होता, म्हणून विक्रीच्या व्यवहारांचे सरकारी दर काढून त्यांच्यासमोर ठेवायचं ठरवलं आहे. दुसऱ्यांशी या रविवारी बोलणार आहे.